एक रुपयात दिसणारा हिशेब

विधानसभेच्या उमेदवाराने निवडणुकीत किती पैसे खर्च केले, याचा त्याच्याच सहीचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे जमा असतो. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ७८व्या कलमाप्रमाणे निकालानंतर ३० दिवसांच्या आत तो द्यावा लागतो, निवडून आलेल्यालाही आणि हरलेल्यालाही. १९६१च्या निवडणूक संचालन नियमांतला ८८वा नियम सांगतो की कोणीही एक रुपया फी भरून तो हिशेब पाहू शकतो आणि ठरलेले शुल्क देऊन त्याची साक्षांकित प्रत घेऊ शकतो. पाहणारा पत्रकार, वकील किंवा विरोधी उमेदवारच असला पाहिजे, अशी अट त्यात नाही. आसगावातून धानाचा चुकारा उचलायला निघालेला शेतकरीसुद्धा भंडाऱ्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन तो कागद मागू शकतो. हा हक्क साठ वर्षांहून जुना आहे आणि आपण तो वापरत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आसगाव पवनी तालुक्यातले, चौरास भागातले गाव. मतदारसंघ भंडारा, क्रमांक ६१, अनुसूचित जातींसाठी राखीव. २००९मध्ये इथून शिवसेनेचे नरेंद्र भोंडेकर निवडून आले, २०१४मध्ये भाजपचे रामचंद्र अवसरे, २०१९मध्ये अपक्ष म्हणून पुन्हा भोंडेकर आणि २०२४मध्ये शिवसेनेकडून तेच. यांच्यापैकी कोणावर आरोप करण्यासाठी मी लिहीत नाही. उद्या इथून आणखी कोणी निवडून आले तरी माझे म्हणणे हेच राहील.

हिशेबाच्या नमुन्यातले एक पान फार महत्त्वाचे आहे. पैसा आला कुठून, ते तिथे लिहावे लागते. स्वतःचा किती, पक्षाने दिलेला किती आणि इतर व्यक्ती, कंपन्या, संस्था यांच्याकडून कर्ज, भेट किंवा देणगी म्हणून आलेला किती, हे देणाऱ्याच्या नावासह मांडायचे असते. खर्चाच्या पानांवर वाहने, मंडप, खुर्च्या, चहा-नाश्ता, पत्रके असा तपशील असतो आणि लोकांची चर्चा तिथेच अडकते. माझ्या मते सुरुवात देणगीच्या पानापासून करावी. ज्याने निवडणुकीला पैसा दिला, तो पुढच्या पाच वर्षांत आमदाराच्या दारात कशासाठी उभा राहतो, हे ओळखण्याची ती एकच लेखी खूण आपल्या हातात असते.

खर्चाची मर्यादा महाराष्ट्रात २००९ला १० लाख रुपये होती. २०१४ला ती २८ लाख झाली आणि जानेवारी २०२२पासून ४० लाख आहे. ती सांभाळायला खर्च निरीक्षक येतात, भरारी पथके फिरतात, व्हिडिओ चित्रण होते, उमेदवाराच्या नोंदवहीशी ताडून पाहायला प्रशासन आपली छाया नोंदवही ठेवते. खुर्चीचे भाडे किती धरायचे, चहाच्या कपाला किती, याचे दरपत्रकही जिल्ह्यात ठरते. एवढी यंत्रणा असूनही गावात कोणाला विचारा, ४० लाखांत आमदारकी लढवता येते यावर एकही माणूस विश्वास ठेवत नाही. गावातल्या माणसाने सगळे डोळ्यांनी पाहिलेले असते. कोणत्या वाडीत जेवण होते, किती गाड्या लागल्या होत्या, शेवटच्या दोन रात्री कोण कोणाच्या घरी गेले, हे त्याला निरीक्षकापेक्षा जास्त माहीत असते. पण हे माहीत असणारे गाव आणि तो कागद कधी समोरासमोर येत नाहीत.

मर्यादेबाहेरच्या खर्चाला कायद्यातही वाट मोकळी आहे. कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला या खटल्यात १९७४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते, की पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्च उमेदवाराच्याच खात्यात धरला पाहिजे. संसदेने त्याच वर्षी कायद्यात स्पष्टीकरण घालून हा निकाल निष्प्रभ केला. २००३मध्ये ते स्पष्टीकरण आवळले गेले, तरी पक्षाच्या स्वतःच्या खर्चाला आजही कमाल मर्यादा नाही.

कागद आणि डोळ्यांना दिसणारे वास्तव यांतले अंतर किती पडते, ते महाराष्ट्राने नांदेडच्या भोकर मतदारसंघात पाहिले. २००९च्या निवडणुकीत मुख्यमंत्री अशोक चव्हाण तिथे उमेदवार होते. ‘अशोकपर्व’ या मथळ्याची पानेच्या पाने भरलेली स्तुती मोठ्या मराठी दैनिकांत छापून आली. पत्रकार पी. साईनाथ यांनी ती पाने एकमेकांशेजारी ठेवून दाखवली. चव्हाण यांच्या हिशेबात वृत्तपत्रातील जाहिरातींचा खर्च होता ५,३७९ रुपये. पराभूत उमेदवार डॉ. माधव किन्हाळकर यांनी हे प्रकरण निवडणूक आयोगाकडे नेले. मे २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की हिशेब खरा आहे की नाही हे तपासण्याचा अधिकार आयोगाला आहे. जुलैमध्ये आयोगाने चव्हाण यांच्याविरुद्ध निष्कर्ष काढला आणि सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा आदेश रद्द केला. चव्हाण यांनी तो खर्च केला किंवा त्याला संमती दिली, हे सिद्ध झाले नव्हते. निकाल त्यांच्या बाजूने लागला, तो मान्य. पण एका हिशेबातल्या एका ओळीवर महाराष्ट्राने पाच वर्षे वाद घातला, ही मला त्या प्रकरणातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते. कोणीतरी तो कागद वाचला म्हणून तो वाद उभा राहिला.

आता भेटींबद्दल. दिवाळीनंतर आपल्याकडे मंडई भरते, झाडीपट्टीचे नाटक उभे राहते. नाटकाच्या उद्घाटनाला पुढारी येतो आणि मंडळाच्या हातात काहीतरी ठेवून जातो. कुठे क्रिकेटचे साहित्य, कुठे देवळाच्या फरशीला हातभार, कुठे भजनी मंडळाला पेटी-तबला. निवडणुकीच्या काळात मतासाठी अशी वस्तू दिली तर ती कलम १२३नुसार लाच ठरते. हेच मंडईत दिले तर त्याला मदत म्हणतात. दुसरा प्रकार मला जास्त खटकतो. महाराष्ट्रात आमदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला ५ कोटी रुपये मिळतात. तो सरकारी पैसा, म्हणजे आसगावच्याही करातला पैसा. त्यातून सभामंडप झाला, की फलकावर ‘भाऊंच्या प्रयत्नातून’ असे मोठ्या अक्षरांत लिहिले जाते आणि गाव आपल्याच पैशाबद्दल आभार मानते. ही भेट नव्हे.

आणि आमदाराला मिळणाऱ्या भेटी? उमेदवारी अर्जासोबतच्या शपथपत्रात घर, जमीन, सोने, ठेवी, कर्ज सगळे येते, पण कोणी काय भेट दिली याचा रकाना त्यात नाही. शिवाय ते शपथपत्र पाच वर्षांतून एकदा. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये सदस्यत्वाशी संबंध असलेली ३०० पौंडांवरची भेट सदस्याला २८ दिवसांत नोंदवावी लागते आणि ती नोंद कोणालाही वाचता येते.

आपल्याकडे देणगीची किंमत काय पडते, ते मुख्यमंत्री बॅ. अंतुले यांच्या काळात दिसले होते. सिमेंटवर नियंत्रण होते, बांधकामवाल्यांना कोट्याबाहेर सिमेंट हवे होते आणि मुख्यमंत्र्यांनी उभ्या केलेल्या प्रतिष्ठानला देणग्या येत होत्या. ऑगस्ट १९८१मध्ये ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये अरुण शौरी यांनी ते बाहेर काढले. १२ जानेवारी १९८२ला न्या. लेंटिन यांनी देणग्या आणि सिमेंट यांचा संबंध जोडणारा निकाल दिला आणि अंतुले यांना पद सोडावे लागले. पुढे त्याच प्रकरणातून सर्वोच्च न्यायालयात प्रश्न गेला, की आमदार लोकसेवक आहे का. १९८४मध्ये घटनापीठाने भारतीय दंड संहितेच्या व्याख्येत आमदार बसत नाही, असे उत्तर दिले. हे वाचून त्या काळच्या माणसाला काय वाटले असेल! १९८८च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याने व्याख्या रुंदावली, म्हणून आज ती पळवाट उरलेली नाही. मार्च २०२४मध्ये सीता सोरेन प्रकरणात लाच घेऊन सभागृहात मत देणाऱ्याचे संरक्षणही न्यायालयाने काढून घेतले. तरी मे २०२५मध्ये धुळ्याच्या शासकीय विश्रामगृहात, विधिमंडळाची अंदाज समिती दौऱ्यावर असताना, समिती अध्यक्षांच्या स्वीय सहायकाच्या नावावरच्या खोलीत १ कोटी ८४ लाखांहून अधिक रोकड सापडली. माजी आमदार अनिल गोटे खोलीला कुलूप लावून बाहेर बसले, म्हणून ती उघडकीला आली.

आपल्या तालुक्यात हा विषय जवळचा आहे, कारण आपल्या तालुक्यात गोसेखुर्द धरण आहे. २२ एप्रिल १९८८ला राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झाले तेव्हा अंदाज ३७२ कोटींचा होता. तो पुढे १८ हजार कोटींवर गेला. प्रकल्पाच्या कंत्राटांबाबत लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने गुन्हे नोंदवले. इतका पैसा जिथे कंत्राटांतून वाहतो, तिथे निवडणुकीला पैसा कोणी दिला हा प्रश्न विचारणे मतदाराचे कर्तव्यच आहे. धान खरेदी केंद्रावर आपल्याकडून सातबारा घेतात, प्रत्येक कट्टा काट्यावर चढतो, ओलावा मोजतात, मगच पावती फाडतात. आमदाराच्या हिशेबाला आपण एवढी तरी तपासणी लावायला हवी.

भंडाऱ्याला या बाबतीत जुनी आठवणही आहे. १९५४च्या लोकसभा पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथून उभे होते आणि हरले. तेव्हा इथे मतदाराला दोन मते होती. दुसरे मत वाया घालवा, म्हणजे फायदा होईल, असे कार्यकर्त्यांनी सुचवले आणि बाबासाहेबांनी ते नाकारले, अशी हकीकत सांगितली जाते. ज्या जिल्ह्यात ही हकीकत अजून सांगितली जाते, तिथल्या लोकांनी नियमांचे पुस्तक उघडायला संकोच करू नये.

आसगावातल्या महाविद्यालयात जाणाऱ्या मुला-मुलींना मी एक काम सुचवतो. २०२४च्या निवडणुकीतल्या सगळ्या प्रमुख उमेदवारांचे हिशेब मागा, फक्त विजयी उमेदवाराचा नको. देणगीच्या पानावरची नावे एका वहीत उतरवा. मग तालुक्यातले रस्ते, सभामंडप, नाल्या, पांदण रस्ते यांच्याजवळ लावलेले माहिती फलक वाचा. कामाची रक्कम आणि कंत्राटदाराचे नाव त्यावर असते, तेही लिहून घ्या. विधिमंडळाच्या संकेतस्थळावरून आमदारांनी विचारलेले तारांकित प्रश्न काढा. धानाचे रखडलेले चुकारे, गोसेखुर्दच्या कालव्याचे पाणी, पुनर्वसन यांवर किती वेळा विचारले, ते पाहा. कोणाचे नाव देणगीच्या पानावर आणि फलकावर, दोन्हीकडे सापडले म्हणून तो गुन्हेगार ठरत नाही, आणि सापडले नाही म्हणून सगळे स्वच्छ असेही नाही. तिन्ही याद्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मोठ्याने वाचा आणि आमदारांना त्या सभेचे निमंत्रण आठवडाभर आधी, लेखी द्या.