परदेशी पाहुणा आणि यजमानाचे कर्तव्य

२५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी देहूरोड येथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. ती मूर्ती रंगूनहून आलेली होती. आकुर्डीपासून एका स्थानकाच्या अंतरावर झालेल्या त्या समारंभाची आठवण ज्या घरांत जपली जाते, त्या घरांना सिंहल, ब्रह्मदेश, थायलंड किंवा जपान हे देश परके वाटत नाहीत. तेथील भिक्षू किंवा उपासक देहूरोडची धम्मभूमी पाहण्यास आला, तर त्याने हॉटेलात न राहता आपल्या घरी उतरावे अशीच आपली इच्छा असते. ही इच्छा योग्य आहे. मात्र यजमान होताना कायद्याने आपल्यावर काही कर्तव्ये येतात आणि ती चुकल्यास यजमानापेक्षा पाहुण्यालाच अधिक भोगावे लागते. वाचकांनी हा विषय कंटाळवाणा समजून पान उलटू नये.

पहिली गोष्ट नोंदणीची. परदेशी नागरिक आपल्या छपराखाली मुक्कामास आला की चोवीस तासांच्या आत त्याची माहिती सरकारच्या परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे संकेतस्थळावरून कळवावी लागते. हा नियम केवळ हॉटेलांना आहे असा सार्वत्रिक समज आहे, तो चूक आहे. वसतिगृह, धर्मशाळा, विहाराची पाहुण्यांची खोली आणि खाजगी घर हे सर्व त्यात येतात. पाहुण्याकडून पैसे घेतले की नाही, हा प्रश्नच तेथे उद्भवत नाही. ‘फॉर्म सी’ या नावाने ही नोंद लोकांना ठाऊक आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून १९४६ चा परदेशी नागरिक कायदा जाऊन नवा आप्रवास व परदेशी नागरिक कायदा अमलात आला, तरी यजमानाचे हे कर्तव्य कायम राहिले आहे. पासपोर्टाचे पान, व्हिसाचे पान, छायाचित्र आणि आपला पत्ता एवढे हाताशी असले की काम होते. पाहुण्याला पहिला चहा दिल्यावर लगेच ही कागदपत्रे मागण्यात संकोच वाटतो, हे आम्ही जाणतो. तो संकोच बाजूला ठेवावा. घरात संगणक जाणणारा मुलगा किंवा मुलगी असेलच, त्यांना हे काम सांगावे आणि मिळालेली पोच जपून ठेवावी.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. आपल्याकडे भन्ते आले की वस्तीत मांडव पडतो, ध्वनिक्षेपक येतो आणि भन्तेंच्या प्रवचनाची पत्रके वाटली जातात. हे करण्यापूर्वी भन्तेंचा व्हिसा कोणत्या प्रकारचा आहे, हे आपण पाहतो काय? पर्यटक व्हिसावर आलेल्या परदेशीयास धर्मस्थळी जाण्यास, वंदना करण्यास आणि प्रवचन ऐकण्यास कोणतीही आडकाठी नाही. परंतु स्वतः धर्मोपदेश करणे, धर्मस्थळी भाषण देणे, धर्मविषयक पत्रके वाटणे किंवा धर्मांतराचा प्रसार करणे या गोष्टींना सरकारने त्यास मनाई केलेली आहे. त्या कामासाठी मिशनरी व्हिसा नावाचा वेगळा प्रकार आहे.

येथे कोणी घटनेच्या २५ व्या कलमाकडे बोट दाखवील. त्या कलमाचे शब्द ‘सर्व व्यक्ती’ असे आहेत, केवळ ‘नागरिक’ असे नाहीत, हे खरे. परदेशी उपासकाच्या वंदनेला त्यामुळे घटनेचे संरक्षण मिळते. पण भाषणाचे व देशात राहण्याचे स्वातंत्र्य देणारे १९ वे कलम केवळ नागरिकांसाठी आहे. १९३७ पासून भारतात राहिलेल्या लुई डी रेड्ट या बेल्जियन धर्मोपदेशकाच्या प्रकरणात १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की, परदेशीयास येथे राहण्याचा मूलभूत हक्क नाही. पन्नासहून अधिक वर्षांच्या वास्तव्याने जो हक्क मिळाला नाही, तो तीस दिवसांच्या व्हिसावर मिळेल अशी आशा कोणी धरू नये. हा निर्बंध आम्हांस रुचतो असे नाही, त्याविरुद्ध सनदशीर मार्गाने बोलावे. परंतु त्याची परीक्षा पाहुण्याच्या पासपोर्टावर घेऊ नये. पाहुण्याला आसनावर बसवा, त्यांचे स्वागत करा, प्रवचन मात्र आपल्यापैकी कोणी द्यावे.

आता प्रवासाविषयी. मुंबईस उतरलेल्या पाहुण्यास लोणावळ्यापर्यंत एक्स्प्रेसने आणून तेथून पुण्याकडे जाणाऱ्या लोकलने आणणे सोयीचे. बहुतेक मोठ्या गाड्या आकुर्डीस थांबत नाहीत. देहू आणि देहूरोड ही दोन वेगळी ठिकाणे आहेत, हे त्यास आधीच लिहून कळवावे. देहू हे तुकोबांचे गाव, तर देहूरोड हे रेल्वे स्थानक आणि लष्करी छावणी. नकाशावर पहिले नाव दाबून भलतीकडे पोहोचणे फार सोपे आहे. देहूरोडच्या परिसरात संरक्षण खात्याचे कारखाने व कोठारे आहेत. त्यांच्या भिंती, फाटके आणि पहारेकरी यांची छायाचित्रे काढू नयेत, आणि उडता कॅमेरा तर पेटीतूनही बाहेर काढू नये. उपग्रहाद्वारे चालणारा फोन परवानगीवाचून भारतात आणणे हा गुन्हा आहे. पुष्कळ परदेशी प्रवाशांना हे ठाऊक नसते, म्हणून निमंत्रणाच्या पत्रातच ते लिहावे.

पाहुण्यास कार्ल्याची लेणी दाखविल्यावाचून परत पाठवू नये. तेथील चैत्यगृहाच्या खांबांवर धेनुकाकट येथील यवनांनी दिलेल्या दानाचे लेख कोरलेले आहेत. परदेशीय उपासकाची नोंद या मुलखात दोन हजार वर्षांपूर्वी अशी दगडात झाली, त्यास चोवीस तासांची मुदत नव्हती! तिकिटाच्या खिडकीवर एक हक्क मात्र विसरू नये. २०१८ साली ठरलेल्या दरांप्रमाणे येथे भारतीयास २५ रुपये आणि परदेशीयास ३०० रुपये पडतात. परंतु श्रीलंका, नेपाळ, भूतान, बांगलादेश, म्यानमार आणि थायलंड यांच्या नागरिकांना भारतीयांचाच दर लागू आहे. खिडकीवरील माणसाने चेहरा पाहून तीनशे मागितले, तर वाद न घालता पासपोर्ट पुढे करावा. जपानी किंवा कोरियन पाहुण्यास ही सवलत नाही.

रविवारी आणि चैत्रातील यात्रेच्या दिवसांत एकवीरेच्या दर्शनाची गर्दी त्याच पायऱ्यांनी चढते, म्हणून साध्या वारी सकाळी लवकर निघावे. स्थानक मळवली हे. तेथूनच भाजे लेणीही जवळ आहेत. दुपारी लोकल गाड्या विरळ असतात. परतीच्या गाडीची वेळ सकाळीच पाहून ठेवावी आणि पाहुण्याबरोबर घरचा एक माणूस द्यावा.