परक्या संघांचे पाठीराखे

फुटबॉलच्या विश्वचषकाची स्पर्धा दर चार वर्षांनी भरते. ती बहुधा मृग नक्षत्राच्या सुमारास सुरू होते. २०२२ साली कतारमधील कडक उन्हाळ्यामुळे ती नोव्हेंबर-डिसेंबर महिन्यांत घेण्यात आली, तेव्हा वऱ्हाडात कापसाची वेचणी चालली होती. हंगाम कोणताही असो, अमरावती व अकोला येथील मुलांची उत्कंठा मात्र सारखीच असते. वर्तमानपत्रातील वेळापत्रक कापून भिंतीवर चिकटविले जाते. कोणता संघ कोणत्या गटात आहे, कोणाची गाठ कोणाशी पडणार, कोणता खेळाडू जखमी आहे, याची चर्चा शाळेच्या वाटेवर आणि मधल्या सुटीत रंगते. एकजण ब्राझीलचा पिवळा सदरा घालून मिरवितो, तर दुसरा अर्जेंटिनाचा निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा. अमेरिका खंडात सामने असले म्हणजे ते येथे मध्यरात्री किंवा पहाटे दिसतात. एरवी ज्यांना उठविण्यासाठी आईला दहा हाका माराव्या लागतात, ती मुले त्या दिवशी हाकेवाचून जागी होतात.

हा उत्साह पाहून घरातील एखादे वडीलधारे माणूस विचारते, “अरे, त्या स्पर्धेत आपला संघ कोठे आहे? परक्यांच्या विजयाचे तुम्हांला एवढे कौतुक कशासाठी?”

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पुरुषांच्या विश्वचषकाच्या मुख्य स्पर्धेत भारताचा संघ अद्याप एकदाही खेळलेला नाही. १९५० साली ब्राझीलमध्ये भरलेल्या स्पर्धेत भारताला प्रवेश मिळाला होता. परंतु भारताचा संघ तेथे गेलाच नाही. याचा अर्थ भारतीयांना हा खेळ येत नव्हता असा मात्र नव्हे. १९५१ साली दिल्लीत आणि १९६२ साली जाकार्ता येथे भारताने आशियाई क्रीडास्पर्धांत फुटबॉलचे सुवर्णपदक मिळविले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताचा संघ चौथा आला. तेथे ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या सामन्यात मूळ गोव्याच्या आणि मुंबईत खेळणाऱ्या नेव्हिल डिसोझाने एकट्याने तीन गोल केले. असा वारसा असलेल्या देशातील मुलांनी केवळ दुसऱ्यांचे सदरे घालून टाळ्या वाजवाव्यात, हे वडीलधाऱ्यांना खटकले तर त्यात नवल नाही.

तरीही परक्या संघावर प्रेम करणे हा काही दोष नव्हे. गाणे ऐकताना गायकाचे गाव विचारले जात नाही. स्वर खरा लागला की मान आपोआप डोलते. खेळाचेही तसेच आहे. किंबहुना ज्याचा स्वतःचा संघ स्पर्धेत नाही, त्याला एक दुर्मीळ संधी मिळते. स्वदेशाच्या विजयाची चिंता नसल्यामुळे तो दोन्ही बाजूंचा चांगला खेळ मोकळ्या मनाने पाहू शकतो. २०२२ चा अंतिम सामना अर्जेंटिनाने फ्रान्सविरुद्ध जिंकला. दोन्ही संघांचे तीन-तीन गोल झाल्यामुळे निकाल पेनल्टींवर लागला. त्या सामन्यात हरलेल्या फ्रान्सच्या एम्बापेने तीन गोल केले होते. अर्जेंटिनाच्या विजयाने ज्याला आनंद झाला, परंतु एम्बापेचा खेळ ज्याच्या डोळ्यांत भरला नाही, त्याने तो सामना अर्धाच पाहिला असे म्हटले पाहिजे.

दुर्दैवाने पाठीराख्यांपैकी अनेकजण सामना असाच अर्धा पाहतात. आपल्या आवडत्या संघाचा गोल तेवढा त्यांना दिसतो. दुसऱ्याचा दिसत नाही. निर्णय विरुद्ध गेला की पंच लबाड ठरतो. पेनल्टी चुकविणारा खेळाडू एका क्षणात निरुपयोगी ठरतो. ब्राझीलवाले आणि अर्जेंटिनावाले असे वर्गात दोन तट पडतात आणि कालचे मित्र आज एकमेकांना टोचून बोलू लागतात. ज्या देशाचा एकही माणूस त्यांनी प्रत्यक्ष पाहिलेला नाही, त्याच्यासाठी ते शेजारच्या बाकावरील मित्राला दुखवितात. ही भक्ती नव्हे; हा दुराग्रह होय.

अशा दुराग्रहाची परिणती किती भयंकर होऊ शकते, हे १९९४ साली जगाने पाहिले. अमेरिकेतील विश्वचषक स्पर्धेत कोलंबियाच्या आंद्रेस एस्कोबारच्या पायाला लागून चेंडू त्याच्याच संघाच्या जाळ्यात गेला. चेंडू अडविण्याच्या प्रयत्नात झालेली ती चूक होती. तो मायदेशी परतल्यावर त्या गोलावरून काही लोकांनी त्याला डिवचले, वाद झाला आणि त्याला गोळ्या घालून ठार करण्यात आले. तेव्हा तो अवघा सत्तावीस वर्षांचा होता. पराभव सहन करण्याचे बळ ज्याच्या अंगी नाही, त्याच्या हाती खेळ सुरक्षित राहत नाही.

याच्या उलट चित्र जपानी प्रेक्षकांनी दाखविले आहे. २०१८ साली रशियातील स्पर्धेत जपानचा संघ बेल्जियमविरुद्ध दोन गोलांनी पुढे होता. पण अखेरीस तो दोनविरुद्ध तीन गोलांनी हरला. जपानच्या पाठीराख्यांच्या डोळ्यांत अश्रू होते. तरी त्यांनी आपापल्या पिशव्या काढून प्रेक्षागृहातील कचरा गोळा केला आणि मगच ते बाहेर पडले. खेळाडूंनीही आपली खोली झाडून पुसून ठेवली व रशियन भाषेत आभाराची चिठ्ठी लिहून ठेवली. तो सामना बेल्जियमने जिंकला. परंतु लोकांच्या आठवणीत जपानही राहिला.

खेळ हा देण्याघेण्याने वाढतो, ही गोष्टही पाठीराख्यांनी ध्यानात घ्यावी. फुटबॉलचे नियम १८६३ साली इंग्लंडमध्ये लिहिले गेले. तेथून तो खेळ खलाशी, व्यापारी आणि शिक्षक यांच्याबरोबर देशोदेशी गेला. पुढे ज्यांनी तो इंग्रजांकडून उचलला, त्यांनीच इंग्लंडला अनेक वेळा हरविले. इंग्लंडची त्यात मानहानी झाली असे कोणी समजत नाही.

असाच एक अनुभव वऱ्हाडाच्या पदरीही आहे. अमरावतीत १९१४ साली अंबादासपंत वैद्य व अनंतराव वैद्य या बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. १९३६ साली बर्लिन येथे ऑलिंपिक सामने भरले, तेव्हा या मंडळाचे पथक समुद्र ओलांडून तेथे गेले आणि त्याने हुतूतू, म्हणजेच कबड्डीसारख्या भारतीय खेळांची प्रात्यक्षिके जगापुढे सादर केली. म्हणजे त्या वर्षी अमरावतीचे तरुण दुसऱ्यांचा खेळ पाहत बसले नव्हते. देशोदेशीचे लोक त्यांचा खेळ पाहत होते. पुढे १९९० साली कबड्डीला आशियाई क्रीडास्पर्धांत स्थान मिळाले. तेव्हापासून भारताच्या पुरुषांनी सलग सात वेळा सुवर्णपदक जिंकले. २०१८ साली मात्र जाकार्ता येथे इराणने भारताच्या पुरुष व महिला अशा दोन्ही संघांना हरविले. भारतीयांना वाईट वाटले, हे स्वाभाविकच होते. परंतु जो खेळ दाखविण्यासाठी एके काळी अमरावतीचे पथक बर्लिनला गेले, तो इतरांनी इतका मनापासून आत्मसात केला, यात त्या पथकाचेच यश नव्हते काय? पाच वर्षांनी चीनमधील हांगचौ येथे भारताने ती दोन्ही सुवर्णपदके परत मिळविली. हार ही पुढच्या सामन्याची तयारी असते, ती अशी.

आता राहतो तो वडीलधाऱ्यांचा मूळ प्रश्न: आपला संघ कोठे आहे? याचे एक सोपे उत्तर दिले जाते, की हे मोठ्या आणि श्रीमंत देशांचे काम आहे. हे उत्तर खरे नाही. १९३० साली उरुग्वे देशात पहिला विश्वचषक झाला आणि तो उरुग्वेनेच जिंकला. १९५० साली त्याच छोट्या देशाने बलाढ्य ब्राझीलला त्याच्या घरच्या मैदानावर हरविले. उरुग्वेची लोकसंख्या आजही सुमारे ३५ लाख आहे. २०११ च्या जनगणनेनुसार अमरावती व अकोला या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या मिळून सुमारे ४७ लाख होते!

आइसलंडचे उदाहरण याहूनही बोलके आहे. या देशाची लोकसंख्या २०१८ साली सुमारे साडेतीन लाख होती. २०११ साली एकट्या अकोला शहराची लोकसंख्या सव्वाचार लाखांच्या घरात होती. अशा या चिमुकल्या देशाने २०१८ च्या विश्वचषकात आपल्या पहिल्याच सामन्यात अर्जेंटिनाला बरोबरीत रोखले. त्यांचे प्रशिक्षक व्यवसायाने दंतवैद्य होते, तर गोलरक्षक हानेस हाल्डोरसन चित्रपटांचे दिग्दर्शन करणारा होता. त्या गोलरक्षकाने मेस्सीची पेनल्टी अडविली. ती केवळ दैवाने अडली नाही. मेस्सी पूर्वी पेनल्टी कशा मारीत असे, याचा त्याने आधी अभ्यास केला होता. आइसलंडमध्ये हिवाळा दीर्घ असतो. बर्फ पडते आणि दिवस अगदी लहान होतो. मैदानावर वर्षभर खेळता येत नाही म्हणून त्या लोकांनी छपराखाली मोठाली क्रीडांगणे बांधली आणि लहान मुलांनाही शिकलेले प्रशिक्षक मिळतील अशी व्यवस्था केली. अंधार आणि बर्फ यांवर ज्यांनी मात केली, त्यांच्यापुढे वऱ्हाडातील उन्हाची सबब टिकणार नाही.

महाराष्ट्रातही एकदा सुरुवात झाली होती. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात भरला. त्यापूर्वी, १५ सप्टेंबर रोजी, महाराष्ट्रातील दहा लाख मुलांनी एकाच दिवशी फुटबॉल खेळावा असा संकल्प करण्यात आला आणि शाळाशाळांच्या मैदानांवर चेंडू धावू लागले. त्या विश्वचषकात भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. भारत तिन्ही सामने हरला. परंतु कोलंबियाविरुद्ध जॅक्सन सिंगने केलेला गोल हा कोणत्याही विश्वचषक स्पर्धेतील भारताचा पहिला गोल ठरला. २०२२ साली सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषकही भारतात झाला व त्याचा अंतिम सामना नवी मुंबईत खेळला गेला. फुटबॉल हा मुलांचा खेळ आहे, मुलींनी कडेला उभे राहून तो पाहावा, असे मानणाऱ्यांना त्या स्पर्धेने परस्पर उत्तर दिले.

मात्र एका दिवसाच्या उत्सवाने खेळाडू घडत नाहीत. चेंडू वर्षभर धावला पाहिजे. गावातील मोकळी जागा मोकळी राहिली पाहिजे. शाळेचे मैदान सभा-समारंभांच्या मांडवांनी अडता कामा नये. खेळाचा तास दुसऱ्या विषयाला देऊन टाकण्याची सवय मोडली पाहिजे. यांपैकी बऱ्याच गोष्टी मोठ्या माणसांच्या हाती आहेत. जी वडील माणसे मुलांना परक्या संघांच्या कौतुकावरून बोल लावतात, त्यांनी मैदानासाठीही तितक्याच आग्रहाने आवाज उठवावा. मुलांच्या हाती जे आहे ते मुलांनी करावे. रात्री जो डाव पडद्यावर पाहिला, तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मैदानावर करून पाहावा. ज्याने स्वतः धावता धावता चेंडू गमावला आहे, तो दुसऱ्याच्या चुकीला सहसा हसत नाही. ज्याने पेनल्टीसमोर उभे राहून छातीची धडधड अनुभवली आहे, त्याला हाल्डोरसनचे धैर्य अधिक चांगले कळते. खेळणारा मनुष्य हा उत्तम प्रेक्षक होतो.

शेतकरीही पावसाची वाट पाहतो. पण तो नुसता आभाळाकडे डोळे लावून बसत नाही. उन्हाळ्यातच तो शेत नांगरतो, वखरतो, बियाण्याची तजवीज करतो आणि मग वाट पाहतो. म्हणून पहिली सर त्याच्या कामी येते. विश्वचषकाची वाटही अशीच पाहिली पाहिजे. ब्राझीलचा पिवळा सदरा अंगात असायला हरकत नाही. मात्र त्या सदऱ्याला वऱ्हाडच्या काळ्या मातीचे डाग लागलेले असावेत.