पोळ्यापर्यंतच थांबू: यवतमाळच्या फवारणी मजुरांचा इशारा

यवतमाळचे जिल्हा प्रशासन, सोळाही तालुक्यांचे कृषी अधिकारी आणि मुंबईत बसलेले कृषी खाते यांना हे जाहीरपणे सांगत आहोत. पऱ्हाटी आज कमरेला लागली आहे. पोळा झाला की ती छातीला लागेल आणि पंपाचा फवारा थेट तोंडावर येईल.

2017 साली हेच झाले. ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20हून अधिक माणसे गेली, 800च्या वर दवाखान्यात पडली. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात तडफडणाऱ्या रुग्णांचे हातपाय खाटेला बांधावे लागले. मग सरकार जागे झाले. मृतांच्या वारसांना दोन लाख जाहीर झाले, विशेष तपास पथक आले, पाच कीटकनाशकांवर 60 दिवसांची बंदी आली. कधी? नोव्हेंबरात! तोवर बाया वेचणीला शेतात उतरल्या होत्या. मोनोक्रोटोफॉस बंद करा असे त्या पथकाने सांगितले. त्याच्या 36 टक्के द्रावणावर केंद्राची बंदी यायला 2023 उजाडले.

कीटकनाशक कायदा 1968 नुसार राज्याला थोड्या दिवसांचीच बंदी घालता येते, हे आम्हाला ठाऊक आहे. ते कारण पुन्हा ऐकवू नका. त्याच कायद्याचे कलम 26 राज्याच्याच हातात आहे. विषबाधेचा प्रत्येक रुग्ण कळवणे डॉक्टरांना आणि दुकानदारांना त्याखाली सक्तीचे करता येते. पहिला रुग्ण आला त्याच दिवशी कळले, तर विसावा मरायची वाट पाहावी लागत नाही.

आणि एक. ‘मजुरांनी मास्क लावला नाही’ हे पालुपद बंद करा. भादव्याच्या उन्हात, पाठीवर भरलेला पंप घेऊन, जाड प्लास्टिकचा अंगरखा तासभर तरी घालून पाहा, साहेब. घालता येईल असे किट द्या, मग आम्हाला दोष द्या. डबीवरची सूचना तर भिंग लावूनही वाचता येत नाही.

म्हणून पोळ्यापर्यंतची मुदत. तोवर प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात विषावर उतारा म्हणून ॲट्रोपिन पुरेसे हवे आणि विषबाधा ओळखायला रक्तातल्या कोलिनेस्टरेजची तपासणी जिल्ह्यातच त्याच दिवशी व्हावी. अंगाला सोसेल असे किट गावात पोचावे. दोन-तीन औषधे एकत्र कालवून मारायचा सल्ला देणाऱ्या कृषी केंद्राचा परवाना निलंबित व्हावा. पिकाचा डॉक्टर व्हायचा परवाना त्याला कोणी दिलेला नाही.

हे झाले नाही तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवसापासून जिल्ह्यात आमच्यापैकी एकही मजूर फवारणीला जाणार नाही. रिकामे पंप जिल्हाधिकारी कार्यालयासमोर आणून ठेवू आणि लेखी उत्तर मिळेपर्यंत तिथून हलणार नाही. पिकाच्या नुकसानीचा जाब शेतकऱ्यांनी आम्हाला नव्हे, सरकारला विचारावा. त्यांच्याशी आमचे वैर नाही. 2017 साली मेलेल्यांत तेही होते.

मजूरभावांनो, किटशिवाय कोणी बोलावले तर पंप उचलू नका, मग शेत पाटलाचे असो की भावकीतल्या माणसाचे. आजही फवारताना डोळ्यांपुढे अंधारी आली, मळमळ सुटली, तर घरी जाऊन निजू नका. अंगावरचे कपडे काढा, साबणाने अंग धुवा आणि औषधाची डबी सोबत घेऊन तडक दवाखाना गाठा.