विश्लेषण : अलॉय चाकांना नवा रंग देताना आधी भट्टीचे तापमान का विचारावे?

गणपतीच्या दिवसांत मालवण-कसाल रस्त्यावर एमएच ०७ च्या गाड्यांत मुंबई-ठाण्याच्या पाट्या मिसळतात. चाकरमान्यांच्या त्या रांगेतून एखादी बुटकी, दोन दारांची स्पोर्ट्स कार कट्ट्याच्या बाजारातून गेली, तर पोरांची नजर आधी तिच्या चाकांवर जाते. चंदेरी चाके काळी, ब्राँझ किंवा सोनेरी करून घेण्याची हौस आता साध्या हॅचबॅकपर्यंत पोहोचली आहे. सोनेरी चाकांचे वेड मोटार शर्यतींतून आले. १९९५ मध्ये कॉलिन मॅक्रे ज्या निळ्या सुबारूतून जागतिक रॅली विजेता झाला, तिची चाके सोनेरी होती.

हौसेला हरकत नाही. पण किनारपट्टीवर हा निर्णय निव्वळ शोभेचा राहत नाही. कोणता रंग, यापेक्षा तो कसा बसवला जातो, हे इथे जास्त महत्त्वाचे ठरते.

खारे पाणी अॅल्युमिनियमचे काय करते?

अलॉय चाक म्हणजे मुख्यतः अॅल्युमिनियम, त्यात साधारण सात टक्के सिलिकॉन आणि थोडे मॅग्नेशियम. हवा लागताच अॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तयार होतो आणि तोच धातूचे रक्षण करतो. मिठातील क्लोराइड नेमका हा थर फोडतो. मग बारीक खड्डे पडतात, त्यांत पांढरी भुकटी साचते आणि वरच्या लॅकरखाली केसासारख्या रेषा सरकू लागतात.

कट्ट्यातून समुद्र दिसत नाही, म्हणून हा त्रास फक्त तारकर्ली-देवबागवाल्यांचा असे वाटू शकते. पण वाळूत नेलेली गाडी मीठ सोबत घेऊन येते, आणि मासळीच्या टेम्पोतून गळणारे खारे पाणी रस्त्यावरून सगळ्यांच्याच चाकांवर उडते. त्यावर जांभ्याची लाल धूळ बसते आणि ओल धरून ठेवते. पावसाळ्यात ३००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात चाकाची आतली बाजू कित्येक आठवडे धड सुकत नाही.

खरे नुकसान बहुधा दिसत नाही तिथे असते. टायरची कड रिमवर जिथे बसते, तिथे गंज फुगला की हवा हळूहळू गळते. पंक्चरवाला पाण्यात ट्यूबलेस टायर बुडवून पाहतो, खिळा सापडत नाही आणि गिऱ्हाईक दर आठवड्याला हवा भरत राहते. अशा चाकावर बाहेरून कितीही सुंदर रंग चढवला तरी गळती तशीच राहते. टायर न उतरवता, कागदाच्या पट्ट्या लावून स्प्रे मारण्याचे स्वस्त काम म्हणूनच इथे टाळलेले बरे. असा रंग दगडाने टवका उडाला की कडेपासून सुटत जातो.

पावडर कोटिंग टिकते, पण अट आहे

टिकाऊ पर्याय पावडर कोटिंगचा. विद्युतभारित पावडर चाकावर चिकटते आणि भट्टीत वितळून ६० ते १०० मायक्रॉनचे सलग कवच बनते. खिडकीच्या ग्रीलला आणि गेटला हेच करतात. अडचणही तिथेच आहे. ग्रील लोखंडी असते, तिला थोडी जास्त उष्णता लागली तरी बिघडत नाही. अलॉय चाकाचे तसे नाही.

ओतलेले चाक कारखान्यात सुमारे ५४० अंश सेल्सिअसला तापवून पाण्यात थंड करतात आणि नंतर साधारण १५० ते १८० अंशांवर काही तास ठेवतात. त्याची ताकद या दुसऱ्या, सौम्य तापवण्यातून येते. पावडर पिकवायला १८० ते २०० अंश लागतात. तेवढी उष्णता एकदा, वीसेक मिनिटे मिळाली तर सहसा निभावते. पण भट्टीवर भरवशाचा तापमापक नसेल, जुना रंग जाळून काढला असेल किंवा रंग पसंत पडला नाही म्हणून चाक पुन्हा पुन्हा भाजले असेल, तर धातू मऊ होतो. बाहेरून काहीच कळत नाही. पुण्यातील ‘एआरएआय’सारख्या संस्थांत चाकांना वळणाच्या भाराची, उभ्या भाराची आणि आघाताची चाचणी द्यावी लागते. भट्टीतून दुसऱ्यांदा निघालेल्या चाकाची अशी चाचणी कोणी घेत नाही. त्याची परीक्षा थेट फोंडा किंवा करूळ घाटात होते.

त्यामुळे रंगाचे नमुने पाहण्याआधी भट्टीचे तापमान विचारणे हा आगाऊपणा नव्हे. जुना रंग कशाने काढणार, हेही विचारावे. कॉस्टिक सोडा अॅल्युमिनियमच खातो. लोखंडी कणांचा मारा केला तर ते कण धातूत रुततात आणि पुढे गंजाला जागा मिळते. काचेच्या बारीक मण्यांचा हलका मारा चालतो. उघडे पडलेले चाक तड्यांसाठी डाय पेनिट्रंट लावून तपासण्याची हीच वेळ. तडा वेल्ड करून वर काळा रंग देतो, असे कोणी म्हणाले तर ते चाक भंगारात घालावे. जाड गडद थराखाली पुढचा तडा उशिरा दिसतो, म्हणून काळ्यापेक्षा फिकट रंग या रस्त्यांवर जास्त शहाणपणाचा. हे फॅशनच्या उलट आहे, याला इलाज नाही.

आरटीओची परवानगी लागते का?

गाडीच्या बॉडीचा रंग आरसीवर नोंदलेला असतो, चाकांचा नसतो. त्यामुळे नुसता रंग बदलला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा प्रश्न सहसा येत नाही. मात्र रंगाच्या निमित्ताने मोठ्या मापाची रिम बसवली तर गोष्ट वेगळी. तेव्हा अपघातानंतर विमा कंपनीच्या प्रश्नांना उत्तर द्यावे लागू शकते.

चाक परत बसवताना दोन जागा कोऱ्या धातूच्या हव्यात : हबला टेकणारा मागचा भाग आणि नट बसतात ते खळगे. तिथे रंगाचा थर राहिला तर तो दाबला जातो आणि नट ढिले पडतात. व्हॉल्व्ह नवे घालावेत. बॅलन्सिंगला क्लिपची वजने ठोकली तर नव्या रंगाला पहिला ओरखडा तिथेच पडतो, आतून चिकटवायची वजने मागावीत. आणि ५० ते १०० किलोमीटर चालवल्यावर नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासावेत. मुंबईला परत निघायचे असेल तर ही तपासणी निघण्याच्या आदल्या दिवशीच उरकलेली बरी.