येडशीचे दोन तास

श्रावण लागला की सोलापूर-धुळे राष्ट्रीय महामार्गावरील येडशी गावाला एकाएकी महत्त्व येते. बालाघाटाच्या रांगेतील रामलिंगाचे देऊळ खोल दरीत आहे. जखमी जटायूसाठी रामाने बाण मारून येथे पाणी काढले, अशी आख्यायिका सांगतात. पाऊस बरा झाला असेल तर देवळाजवळचा धबधबा वाहू लागतो. ज्या मुलखात हंडाभर पाण्याची चिंता वर्षातले कित्येक महिने पुरते, तेथील माणसाला कोसळते पाणी पाहण्याचा मोह अनावर व्हावा, यात नवल नाही. धाराशिव, बार्शी, कळंब, लातूर येथून कुटुंबेच्या कुटुंबे येतात, दर्शन घेतात, छायाचित्रे काढतात, माकडांपुढे शेंगदाणे-फुटाणे टाकतात आणि दोन तासांत परततात.

या दोन तासांच्या सहलीला नाके मुरडण्याचे कारण नाही. ज्याच्या पदरी एक रविवार आणि मोजके पैसे आहेत, त्या कारकुनाने जायचे तरी कोठे? तथापि आपण जेथे जातो ती जागा कसली आहे, हे त्याला कोणी सांगत नाही, ही खरी तक्रार आहे. रामलिंग घाटाचे रान १९९७ पासून अभयारण्य आहे आणि त्याचा विस्तार अवघा सुमारे २२ चौरस किलोमीटर आहे. ताडोबा-अंधारी प्रकल्पाचा केवळ गाभाच ६२५ चौरस किलोमीटरचा आहे, हे लक्षात घेतले म्हणजे येडशीच्या रानाचा जीव केवढा, ते कळते. अशा या चिमुकल्या रानात डिसेंबर २०२४ मध्ये वनखात्याच्या कॅमेऱ्याने चक्क वाघ टिपला. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर शेतेशिवारे, रस्ते आणि वस्त्या ओलांडून तो येथवर आला होता. त्याने जनावरे मारली, शेतकरी धास्तावले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याला पकडण्यासाठी पथके निघाली. शेतकऱ्याचे भय खोटे नव्हते. परंतु एवढ्या वाटचालीत त्याला विसाव्याला हेच रान सापडावे, याचा अर्थ आपण नीट लावलेला नाही.

आता माकडांचे. मुठीतले फुटाणे माकडाला देण्यात आपल्याला भूतदया दिसते. हनुमंताचा वंश म्हणून थोडे पुण्यही वाटते. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर, पर्थपासून सुमारे आठशे किलोमीटरवर, मंकी मिया नावाचे एक आडवळणाचे ठिकाण आहे. (नावात माकड असले तरी तेथे माकडे नाहीत.) तेथे डॉल्फिन किनाऱ्याशी गुडघाभर पाण्यात येतात आणि ते पाहण्यासाठी माणसे एवढा लांबचा प्रवास करतात. अनेक वर्षे पाहुणे त्यांना हातांनी मासे भरवीत. पुढे अभ्यासकांच्या ध्यानात आले की, ज्या माद्यांना आयते खाणे मिळते त्या किनाऱ्याशीच घोटाळतात, पिल्लांकडे त्यांचे लक्ष राहत नाही आणि त्यांची पिल्ले इतरांपेक्षा अधिक दगावतात. तेव्हा नियम कडक झाले. आता मोजक्या माद्यांना, मोजके मासे, तेही केवळ सकाळी आणि रक्षकांच्या देखरेखीखाली दिले जातात. पाहुणे तुटले नाहीत. शार्क बेचा तो परिसर १९९१ पासून जागतिक वारसा आहे आणि जग तेथे जातच आहे.

आपल्याकडे पर्यटनविकास म्हटला की प्रथम सिमेंट आठवते. कमान, वाहनतळ, रंगीत दिवे आणि एक कोनशिला. येडशीला हे नको. जे बांधायचे ते गावात, स्थानकाच्या आसपास बांधावे; पंधरा-वीस माणसांची राहण्याची स्वच्छ सोय झाली तरी पुष्कळ. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी १८९७ मध्ये बार्शीपर्यंत व १९११ मध्ये लातूरपर्यंत पोहोचली. २००८ पर्यंत सारा मार्ग रुंद झाला. येडशीला आज रेल्वे आहे, महामार्ग आहे. नाही ते रात्री टेकण्याचे ठिकाण. म्हणूनच शाळांच्या सहली येथे थांबत नाहीत.

वस्तुतः मुक्काम घडला तर दुसऱ्या दिवशी तेर गाठता येते. पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवर्णनात पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असलेले ‘तगर’ म्हणून ज्याची नोंद आहे, ते हे गाव. येथला माल गाड्यांवरून भडोचला जाई व तेथून समुद्रापार. गोरोबाकाकांचे गाव म्हणून वारकरी ते ओळखतोच; पण त्रिविक्रम मंदिराची पाठीमागची गोलाई मूळच्या चैत्यगृहाची साक्ष देते, हे दाखवायला सोबत शिक्षक हवा. लामतुरे यांच्या नावाच्या वस्तुसंग्रहालयात ठेवलेली मातीची खेळणी आणि नाणी पाहिली तर इतिहासाच्या पुस्तकातले सातवाहन मुलांना निदान शेजारचे वाटतील. हे सोडून चार जिल्हे ओलांडून मुलांना पाण्याच्या घसरगुंड्यांवर नेण्यात कोणते शिक्षण साधते, ते मुख्याध्यापकांनीच सांगावे.

रामलिंगाच्या पायऱ्यांवरील फुटाण्यांची विक्री मात्र येत्या श्रावणाची वाट न पाहता थांबवावी लागेल. विक्रेते गरीब आहेत आणि त्यांचा वर्षाचा मोसम एवढाच. त्यांच्यापैकी काहींना वनखात्याने तिकिटाच्या उत्पन्नातून वाटाडे व सफाईचे काम द्यावे. पायवाटा आणि पाण्याच्या जागा त्यांच्याइतक्या दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? पाहुण्याच्या हातातला पुडा वरच्या पायरीवर ठेवून घेणे हेही त्यांनाच अधिक गोडीने जमेल.