सदनिका : आक्षेप आणि उत्तर

भोगावतीच्या काठचे पेण आणि कुंडलिकेच्या काठचे रोहा या रायगड जिल्ह्यातील दोन्ही गावांत कौलारू घरे उतरवून त्या जागी तीन-चार मजली इमारती उभ्या करण्याचा क्रम आता इतका रुळला आहे की, धाटावच्या औद्योगिक वसाहतीत पोटासाठी आलेला कामगार, सकाळच्या गाडीने पनवेलकडे जाणारा नोकरदार, आणि वडिलोपार्जित घराच्या वाटण्या होता होता ज्याच्या हिश्शाला एक माजघर तेवढे उरले असा गावातलाच एखादा भाऊ, या तिघांनाही घर म्हटले की प्रथम सदनिकाच आठवते. असे असूनही सदनिकेसंबंधी जी चर्चा या गावांत कानी पडते ती बहुधा दोन टोकांची असते. एका पक्षाच्या मते सदनिका हे घरच नव्हे. ज्याच्या पायाखाली स्वतःची जमीन नाही, दाराशी अंगण नाही आणि डोक्यावर दुसऱ्याचा संसार चालतो, त्याने स्वतःस घरधनी म्हणवू नये. दुसऱ्या पक्षात विकणारे बोलके आणि घेणारे उतावीळ असतात. तो सांगतो की मुंबई वेशीपर्यंत येऊन ठेपली आहे, भाव उद्या दुप्पट होतील, तेव्हा कागदांचा घोळ घालीत न बसता पैसे भरावे आणि किल्ली घ्यावी. हे दोन्ही पक्ष एकमेकांच्या विरुद्ध दिसले तरी सदनिका म्हणजे चार भिंती या एकाच समजुतीवर दोघांचाही डोलारा उभा आहे. माझे प्रतिपादन असे की सदनिका ही जमिनीसकट एका सामाईक मालमत्तेतील भागीदारी आहे, आणि ती भागीदारी दस्तऐवजात पुरी करून घेणाऱ्याला व पुढे नेकीने चालवणाऱ्याला या गावांत तिच्याइतका सोयीचा निवारा दुसरा नाही.

जमिनीचा आक्षेप सर्वांत वजनदार, म्हणून तो प्रथम घेऊ. महाराष्ट्राच्या 1963 च्या मालकी हक्काच्या सदनिकांच्या कायद्याने, जो लोकांच्या तोंडी ‘मोफा’ म्हणून रूढ आहे, बांधकाम करणाऱ्यावर सदनिका घेणाऱ्यांची संस्था स्थापन करून देण्याचे आणि करारात निराळी मुदत ठरली नसेल तर संस्थेच्या नोंदणीपासून चार महिन्यांच्या आत जमीन व इमारत यांचे अभिहस्तांतरण, म्हणजे व्यवहारात ज्याला कन्व्हेयन्स म्हणतात ते, संस्थेच्या नावे करून देण्याचे बंधन घातले आहे. आता कित्येक इमारतींच्या सातबाऱ्यावर किंवा मिळकतपत्रिकेवर वीस-वीस वर्षे जुन्या जमीनमालकाचेच नाव राहते हे कोणी नाकारणार नाही. परंतु त्याचे खापर सदनिकेच्या कल्पनेवर फोडणे म्हणजे कुळाने कबुलायत वाचली नाही म्हणून शेतीलाच दोष देण्यासारखे आहे. बांधणारा शेवटची सदनिका विकून मोकळा होतो आणि राहणारे रंगरंगोटीत गुंततात. हक्काची आठवण होते ती इमारत मोडकळीस आल्यावर, पुनर्बांधणीचा मसुदा हाती घेतल्यावर, जेव्हा मूळ मालकाचे वारस हात पसरून उभे राहतात. अशा आडमुठेपणावर 2008 च्या दुरुस्तीने इलाजही दिला आहे. बांधणारा किंवा जमीनमालक सही करीत नसेल तर संस्थेने सक्षम अधिकारी या नात्याने काम पाहणाऱ्या जिल्हा उपनिबंधकाकडे मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज करावा. सुनावणी होऊन हुकूम मिळतो आणि त्याच्या आधारे दुय्यम निबंधकाच्या कचेरीत दस्त नोंदवता येतो. ज्याने हा अर्ज कधी केलाच नाही, त्याने पायाखाली जमीन नसल्याची तक्रार सांगत फिरू नये.

अंगणाचा आक्षेप मात्र अर्धा मान्य केला पाहिजे. पेणची कीर्ती ज्या गणेशमूर्तींवर उभी आहे त्या मूर्ती सदनिकेच्या दिवाणखान्यात घडत नाहीत. ओल्या मातीला ऐसपैस पडवी लागते, सुकवायला वारा लागतो आणि वर्षभराचा माल ठेवायला माळा लागतो. पोह्यांचे पापड वाळवून संसाराला हातभार लावणाऱ्या घरालाही मोकळे ऊन हवे. ज्याचा धंदाच घराला चिकटलेला आहे त्याने सदनिकेच्या मोहात पडू नये, हे मी निःसंकोच सांगेन. पण जो सकाळी बाहेर पडतो आणि सायंकाळी परततो त्याच्या बाबतीत हा आक्षेप लंगडा पडतो, कारण इमारतीची गच्ची, जिना आणि आवार या सामाईक जागा आहेत आणि त्यांवर पहिल्या मजल्याचा जेवढा हक्क तेवढाच शेवटच्या मजल्याचा आहे. वरच्या मजल्यावाल्याने गच्चीला कुलूप ठोकावे आणि खालच्यांनी पापडांची टोपली घेऊन परत फिरावे, असे जेथे घडते तेथे दोष इमारतीच्या रचनेत नसून रहिवाशांच्या मुखदुर्बळपणात असतो. वाहने ठेवण्याच्या जागेचेही तेच. स्टिल्टखालची जागा ही सामाईक क्षेत्राचा भाग असून ती स्वतंत्र सदनिकेसारखी विकता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्था या प्रकरणात ‘मोफा’च्या आधारे दिला. त्यानंतरही त्या जागेचे निराळे पैसे निमूट मोजणारा गृहस्थ अंगण गेल्याचे दुःख करतो तेव्हा त्याची कीव करावी की त्याला कायदा दाखवावा, असा प्रश्न पडतो.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. त्याचे पहिले आणि लाडके वचन असे की आमच्या लहान गावात सारा व्यवहार ओळखीवर चालतो. बांधणारा आपलाच माणूस, त्याच्याकडे कागद मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे. या वचनाला याच जिल्ह्याने भीषण उत्तर दिले आहे. 24 ऑगस्ट 2020 रोजी महाड येथील तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली आणि 16 माणसे प्राणास मुकली. ती इमारत जेमतेम दहा वर्षांच्या आतबाहेरची होती. जुनाट वाड्याची भिंत ढासळावी हे समजते, पण नवी इमारत पडते तेव्हा पायापासून परवानगीपर्यंतच्या प्रत्येक कागदाला प्रश्न विचारावा लागतो, आणि तो प्रश्न घेणाऱ्याने आधी विचारलेला बरा. पेणच्या पश्चिमेस खारेपाट आहे, तेथील खाजणाची चिकण माती पाया धरून ठेवीत नाही. खाऱ्या हवेने सळया गंजतात. कुंडलिका पावसाळ्यात इशारा पातळी ओलांडते. म्हणून मातीची परीक्षा झाली होती काय, भराव किती आहे, 2005 च्या जुलैमध्ये या आळीत पाणी कोठवर चढले होते, हे शेजारच्या जुन्या घरातील म्हाताऱ्या माणसाकडून जाणून घेण्यात कसलाही अविश्वास नाही.

कागदांचा क्रमही असाच सरळ आहे. प्रथम जमीन: सातबारा, त्यामागचे फेरफार आणि तीस वर्षांचा शोध वकिलाकडून करून घ्यावा, जमीन भोगवटादार वर्ग 2 ची आहे काय, कुळकायद्याच्या कलम 43 ची अट तिच्यावर आहे काय, आदिवासी खातेदाराकडून ती परवानगीवाचून आलेली नाही ना, आणि बिनशेतीचा प्रश्न मिटला आहे काय, हे पाहावे, कारण रायगडातील जमिनींवर या अटी ठायी ठायी आढळतात. दुसरी गोष्ट परवानगी: नगरपरिषदेच्या हद्दीत मंजूर नकाशा मागावा, आणि हद्दीबाहेर गावठाणापलीकडची इमारत असेल तर केवळ ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर विसंबू नये. तिसरी गोष्ट करार: 2016 च्या स्थावर संपदा कायद्याखाली, म्हणजे ‘रेरा’खाली, नोंदणीकृत करारावाचून किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. परंतु पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील किंवा आठ सदनिकांपर्यंतच्या इमारतीला ‘रेरा’ची नोंदणी बंधनकारक नाही, आणि रोह्यासारख्या गावात अशा लहान इमारती पुष्कळ, त्यांना 1963 चा कायदा लागू होतो, ज्यात ही मर्यादा 20 टक्क्यांची आहे. नोटरीच्या शिक्क्यावर झालेल्या करारास नोंदणीकृत दस्त समजण्याची चूक करू नये. किंमत चटईक्षेत्रावर ठरवावी आणि भोगवटा प्रमाणपत्र हाती आल्यावाचून संसार हलवू नये. ‘रेरा’खालच्या इमारतीत ताबा घेतल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष निघाला तर तो विनामूल्य दुरुस्त करून देण्याची जबाबदारी बांधणाऱ्यावर आहे, तेव्हा पहिल्या पावसाळ्यातील ओल लेखी कळवावी, तोंडी कुरकुर करून सोडू नये.

भाव दुप्पट होतील हे या पक्षाचे दुसरे वचन. अटल सेतूचे 12 जानेवारी 2024 रोजी उद्घाटन झाले आणि पेण तालुक्यातील काही गावांचा ‘तिसऱ्या मुंबई’च्या नकाशात समावेश झाला, तेव्हापासून या वचनाला अधिकच धार आली आहे. यांना मी मुंबई-गोवा महामार्गाची आठवण देतो. पनवेल ते इंदापूर या टप्प्याच्या चौपदरीकरणाचे काम 2011 साली सुरू झाले. त्या रस्त्याच्या भरवशावर ज्याने तेव्हा कर्ज काढून सदनिका घेतली त्याने एक तपाहून अधिक काळ हप्ते फेडता फेडता खड्डेच मोजले. मुंबईची उपनगरी लोकल आजही पनवेलला थांबते, आणि पुढे पेण-रोह्यासाठी ठराविक वेळेच्या गाड्यांवरच अवलंबून राहावे लागते. हेटवणे धरण पेणच्या उशाला असून त्याचे पाणी नवी मुंबईला जाते आणि खारेपाटातील गावे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. तेव्हा इमारतीला नळजोडणी कोणत्या व्यासाची, विहीर की कूपनलिका, पाणी किती वेळ, हे प्रश्न भावाच्या भाकितापेक्षा शतपट महत्त्वाचे आहेत. राहण्यासाठी घेतलेली सदनिका महागली तर तो लाभ समजावा. महागेल म्हणून घेतलेली बंद सदनिका ही इमारतीला आणि गावालाही भार असते.

उरला मासिक देखभाल-खर्चाचा आक्षेप, जो राहायला गेल्यावर दोन्ही पक्षांचे लोक एकदिलाने घेतात. आदर्श उपविधींप्रमाणे सेवाशुल्क सर्व सदनिकांना समान, पाणीपट्टी नळांच्या प्रमाणात, दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वार्षिक किमान 0.75 टक्के आणि निक्षेप निधी, ज्याला सिंकिंग फंड म्हणतात, किमान 0.25 टक्के. सदनिकेचा बांधकाम खर्च 20 लाख धरला तर दोन्ही निधी मिळून वर्षास 20,000 रुपये होतात. ही रक्कम ऐकून डोळे विस्फारणारे हे विसरतात की कौलारू घराचा मालकही दर वैशाखात कौले चाळण्यासाठी गडी लावीतच असे. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात जिल्ह्यातील घरांचे व इमारतींचे पत्रे उडाले तेव्हा, ज्या संस्थेची गंगाजळी शिलकीत असेल तिला नवे छप्पर घालता यावे, आणि जिने खर्च टाळीत वर्षे काढली तिला दारोदार वर्गणी मागावी लागावी, हे ओघानेच आले.

कोणी म्हणेल, निधी जमला तरी तो चार पदाधिकाऱ्यांच्या हाती. त्याचा भरवसा काय? पेणमध्ये हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. 2010 साली रिझर्व्ह बँकेने पेण अर्बन सहकारी बँकेवर निर्बंध घातले, बनावट कर्जखाती उघडकीस आली आणि सामान्य ठेवीदारांची आयुष्यभराची पुंजी अडकली. त्यातून काहींनी सहकारच नको असा निष्कर्ष काढला; मला तो निष्कर्ष उलटा वाटतो. सभासद जेथे ताळेबंद न वाचता सही करतो तेथे सहकार बुडतो, आणि वीस-पंचवीस कुटुंबांच्या संस्थेत तो वाचणे बँकेपेक्षा कितीतरी सोपे आहे. दरवर्षी 30 सप्टेंबरपर्यंत सर्वसाधारण सभा झाली पाहिजे, हिशेबांचे लेखापरीक्षण झाले पाहिजे, इमारतीस पंधरा वर्षे झाल्यावर दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांनंतर दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणी झाली पाहिजे, आणि थकबाकीदाराकडून जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली करण्याचा हक्क संस्थेस आहे. एवढी साधने हाती असून जो म्हणतो की संस्थेत अंदाधुंदी चालते, त्याने गेल्या सभेला आपण हजर होतो काय हे आधी सांगावे.

सामाईक मालकी ही परदेशी टूम नव्हे. मुंबईत गावदेवीला रावबहादूर तालमकी यांच्या प्रेरणेने सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था 1915 साली स्थापन झाली आणि मध्यमवर्गीयाला एकट्याच्या ऐपतीबाहेरचे घर अनेकांच्या जोडीने मिळू शकते हे तिने दाखवून दिले. पुढे भूदानाच्या चळवळीने जमिनीच्या मालकीचा प्रश्न देशापुढे मांडणारे विनोबा ज्या गागोदे गावी 1895 साली जन्मले तेही पेण तालुक्यातलेच. पेण-रोह्यातील ज्या माणसाजवळ जमीन घेण्याइतका पैसा नाही, पण दहा शेजाऱ्यांशी सरळपणे वागण्याइतकी सभ्यता आहे, त्याला सदनिकेने ते घर दिले आहे, आणि ही देणगी क्षुद्र म्हणता येणार नाही.

तेव्हा ज्याला सदनिका घ्यावयाची आहे त्याने करारावर सही करण्यापूर्वी सातबारा वाचावा, सामान हलवण्यापूर्वी भोगवटा प्रमाणपत्र मागावे, संस्था नोंदली गेल्यावर अभिहस्तांतरण होईपर्यंत स्वस्थ बसू नये, आणि पुढे दरवर्षी सभेला जाऊन हिशेब तपासावा. एवढे ज्याच्याने होणार नसेल त्याने खुशाल भाड्याने राहावे. त्यात काही कमीपणा नाही, आणि शेजाऱ्यांचे नुकसान तर मुळीच नाही.