टक्केवारीचा छेद

ज्या माध्यमिक शाळेतून दरवर्षी पंधरा-वीस विद्यार्थी दहावीच्या परीक्षेला बसतात, त्या शाळेच्या एका वर्षाच्या शेकडा निकालावरून तेथील अध्यापनाचा दर्जा ठरवणे गणिताच्या दृष्टीने चुकीचे आणि शाळेच्या दृष्टीने घातक आहे. तरीही जिल्हा परिषदांच्या आणि ग्रामीण अनुदानित संस्थांच्या छोट्या शाळांचे कौतुक असो वा कानउघाडणी, दोन्ही त्याच एका आकड्याच्या आधारे होतात. निकालानंतरच्या आठवड्यात मुख्याध्यापकांच्या सभेत जो तक्ता वाचला जातो, त्यात सोळा परीक्षार्थींची शाळा आणि चारशे परीक्षार्थींची शाळा एकाखाली एक लिहिलेल्या असतात, आणि त्यांच्या टक्केवारीची तुलना बिनदिक्कत केली जाते.

समजा, एका शाळेतील प्रत्येक विद्यार्थी उत्तीर्ण होण्याची शक्यता ९० टक्के आहे आणि शिक्षक, पाठ्यक्रम, गाव यांपैकी काहीही वर्षानुवर्षे बदललेले नाही. परीक्षार्थी १६ असतील तर अशा शाळेचा निकाल साधारणपणे पाच-साडेपाच वर्षांतून एकदा १०० टक्के लागेल आणि जवळजवळ तितक्याच वेळा तो ८१ टक्के किंवा त्याहूनही खाली येईल, म्हणजे तीन किंवा अधिक मुले नापास होतील. पहिल्या वर्षी सत्कार होईल, दुसऱ्या वर्षी खुलासा मागवला जाईल, आणि दोन्ही प्रसंगी कारण मात्र निव्वळ संख्येच्या लहानपणाचे असेल. ४०० परीक्षार्थींच्या शाळेत याच शक्यतेने निकाल बहुतेक वर्षी ८७ ते ९३ टक्क्यांच्या दरम्यान राहील. समूह जितका लहान तितका त्याच्या सरासरीचा चढउतार मोठा, हा नियम आब्राम द मुआव्र या गणितज्ञाने १७३० मध्येच मांडला होता. हॉवर्ड वेनर या संख्याशास्त्रज्ञाने २००७ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याच्या शाळांची आकडेवारी तपासून दाखवून दिले की, सर्वांत वरच्या शाळांमध्ये जशा छोट्या शाळा प्रमाणाबाहेर आढळतात, तशाच त्या सर्वांत खालच्या शाळांमध्येही आढळतात. आणि अमेरिकेत केवळ वरची बाजू पाहून छोट्या शाळा काढण्यासाठी मोठा निधी खर्च झाला होता. आपल्याकडे पटसंख्येच्या चर्चेत नेमकी उलट बाजू पाहिली जाते आणि खालच्या शाळा पुढे करून छोटी शाळा बंद करण्याचे समर्थन होते. दोन्ही निष्कर्षांचे मूळ एकाच चुकीत आहे.

मोजपट्टी स्वतःही स्थिर नसते. महाराष्ट्राचा दहावीचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के, २०१९ मध्ये ७७.१० टक्के आणि २०२० मध्ये ९५.३० टक्के लागला. २०१९ ची घसरण मुख्यतः भाषा विषयांचे २० अंतर्गत गुण काढून टाकल्यामुळे होती आणि ते पुन्हा दिल्यावर निकाल सावरला. या तीन वर्षांत कोणत्याही शाळेने आपल्या आलेखाचे श्रेय किंवा दोष शिक्षकांना देणे सयुक्तिक नाही.

परंतु अंशापेक्षा छेदाकडे होणारे दुर्लक्ष अधिक गंभीर आहे. शेकडा निकालाचा छेद म्हणजे परीक्षेला बसलेले नियमित विद्यार्थी. जे नववीतच गळाले, ज्यांना कच्चे म्हणून नववीत अडवले गेले, किंवा ज्यांना ‘यंदा १७ नंबरचा फॉर्म भर’ असे सुचवून खासगी परीक्षार्थी केले गेले, ते या छेदात येतच नाहीत. फलकावरील शंभर टक्के अशा रीतीनेही मिळवता येतात, आणि हे शिक्षकवर्गात कोणालाही नवे नाही. शिक्षण हक्क कायद्याचे संरक्षण १४ वर्षांपर्यंत आहे आणि शालेय पोषण आहार आठवीपर्यंत. म्हणजे नववीच्या उंबरठ्यावर गरीब घरातील मुलाची दुपारची थाळी आणि कायद्याचा आधार एकाच वेळी सुटतो. बीड, जालना, परभणी, अहिल्यानगर या जिल्ह्यांतील ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कोयते घेऊन कारखान्यांकडे निघतात. हंगामी वसतिगृहांची सोय मुख्यतः ६ ते १४ वयोगटासाठी असल्याने नववी-दहावीचे मूल एक तर आजीजवळ ठेवले जाते किंवा फडावर नेले जाते, आणि बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, बहुधा गाळप चालू असतानाच येऊन ठेपते. मुलगी असेल तर तिला मागे ठेवण्याची भीती पुष्कळदा लग्न उरकूनच मिटवली जाते. या मुलीचे नाव निकालाच्या कोणत्याही टक्क्यात कमी भरत नाही, म्हणून तिचे जाणे शाळेचे अपयश म्हणून कोठेही नोंदले जात नाही.

विद्यार्थ्यांच्या सामाजिक घडणीची नोंद शाळेत होत नाही, असे मात्र नाही. जनरल रजिस्टरात जात, धर्म, जन्मस्थळ असते आणि शिष्यवृत्तीसाठी प्रवर्गनिहाय संख्या दरवर्षी काढली जाते. पण ती माहिती निकालाशेजारी ठेवून वाचण्याची रीत नाही. शिवाय अध्ययनावर ज्यांचा थेट परिणाम होतो, त्या बाबी तिच्यात अपुऱ्या आहेत. मातृभाषेच्या रकान्यात सरसकट ‘मराठी’ लिहिले गेले की मेळघाटातील कोरकू, गडचिरोलीतील गोंडी किंवा तांड्यावरील गोरमाटी बोलणारे मूल कागदावरून नाहीसे होते, आणि विज्ञानाच्या उत्तरपत्रिकेत त्याला नेमके काय अडले, आशय की वाक्य, हा प्रश्नच विचारला जात नाही. आईचे शिक्षण, वर्षातील स्थलांतराचे महिने, शाळेपर्यंतचे अंतर आणि घरातून माध्यमिक शाळेत आलेले ते पहिलेच मूल आहे काय, एवढ्या नोंदी वर्गशिक्षकाने प्रवेशाच्या वेळी केल्या तरी निकालाचा अर्थ लावणे पुष्कळ सोपे होईल.

छोट्या शाळेचे बलस्थानही येथेच आहे. मोठ्या शाळेला जे नमुना पाहणीने शोधावे लागते, ते सोळा मुलांच्या वर्गशिक्षकाला प्रत्येक नावासह ठाऊक असते. म्हणून मुख्याध्यापकांनी एका वर्षाच्या टक्केवारीऐवजी सलग पाच वर्षांचे परीक्षार्थी एकत्र करून निकाल मांडावा, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तुकडीनिहाय हिशेब ठेवावा: आठवीच्या पटावर अमुक वर्षी किती मुले-मुली होत्या, त्यांपैकी तीन वर्षांनी किती नियमितपणे उत्तीर्ण झाल्या, किती दाखला घेऊन अन्य शाळेत गेल्या आणि किती जणांचा ठावठिकाणा शाळेला माहीत नाही. दाखला घेऊन गेलेल्यांची नोंद विद्यार्थ्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंद-प्रणालीत पडताळता येते. उरलेल्यांसाठी घरी जाण्याला पर्याय नाही. हा हिशेब मांडल्यावर अनेक शाळांचा आकडा खाली येईल. अधिकाऱ्यांनी त्याबद्दल खुलासा मागवला, तर पुढच्या वर्षी तोही आकडा सजवला जाईल. म्हणून या नोंदीला कारवाईपासून मुक्त ठेवण्याचे लेखी आश्वासन शिक्षणाधिकारी कार्यालयाने आधी द्यावे.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे लागेल. सोळा मुलांच्या वर्गात ‘अनुसूचित जमातीच्या मुली २, उत्तीर्ण १’ असे लिहिणे म्हणजे नापास मुलीचे नाव गावासमोर वाचून दाखवण्यासारखेच आहे. दहापेक्षा लहान गटाचा निकाल शाळा समितीच्या सभेत किंवा फलकावर स्वतंत्रपणे दाखवू नये. तो वर्गशिक्षक आणि मुख्याध्यापक यांच्यापुरता ठेवावा आणि जूनमध्ये नववीचे जादा तास, वसतिगृहाचे अर्ज व घरभेटी ठरवताना त्याचा उपयोग करावा.